छप्पर तुमचं, हप्ताही तुमचाच

गेल्या अंकात घराच्या छपरावर सोलर बसवायला अनुदान देणाऱ्या सूर्यघर योजनेचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे वेगवेगळ्या अडचणींची काही पत्रं निवडली आहेत. नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून फक्त गावं देते. मी रत्नागिरी जिल्ह्यात बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली. त्यामुळे माझा डोळा आधी हप्त्याकडे जातो, पॅनलकडे नंतर. ज्यांना उलट हवं असेल त्यांनी आपल्या वायरमनलाही विचारावं.

ताई, मी निवृत्त शिक्षक. घरात आम्ही दोघंच. महिन्याला १४० युनिटच्या आसपास वीज लागते, बिल १,४०० रुपयांपर्यंत येतं. एक सोलरवाला घरी आला होता. तीन किलोवॅटचं सोलर दोन लाखांत बसेल, ७८ हजार सरकार देतं, बाकीचं कर्ज, ‘हप्ता लाईटबिलातूनच सुटेल गुरुजी’ असं म्हणाला. मार्जिनचे, म्हणजे कर्जाबाहेर आपण स्वतः भरायचे, वीस हजारही तोच भरतो म्हणाला. सरकारी योजना आहे म्हणजे फसवणूक नसावी. सही करू का? (गुहागर)

गुरुजी, सही थांबवा. योजना खरी आहे, त्यात शंका नाही. पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ७५,०२१ कोटींची तरतूद आहे, एक कोटी घरांवर पॅनल बसवायचे आहेत. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. त्यापुढे कितीही किलोवॅट बसवा, अनुदान तेवढंच. तीन किलोवॅटपर्यंत सरकारी बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. व्याज रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) अधिक अर्धा टक्का. रेपो ६.५ होता तेव्हा हे कर्ज ७ टक्क्यांना पडायचं, २०२५ मध्ये रेपो उतरला तसं तेही उतरलं. उद्या रेपो चढला तर तेही चढेल, हे लक्षात असू द्या.

पण ‘सरकारी’ आहे ते एवढंच, अनुदान आणि व्याजाचा दर. पॅनल बसवून देण्याचा करार तुमचा आणि सोलरवाल्याचा. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा. मीटरचा व्यवहार तुमचा आणि महावितरणचा. या तिघांपैकी कोणीही दुसऱ्यासाठी जबाबदार नाही, आणि तिन्ही कागदांवर सही मात्र एकाच माणसाची, तुमची. पॅनल बंद पडलं म्हणून बँक हप्ता सोडत नाही. सोलरवाला योजनेच्या पोर्टलच्या यादीत नोंदलेला असतो, म्हणून तो सरकारचा माणूस होत नाही.

आता तुमचा हिशेब. दोन लाखांतले वीस हजार मार्जिन, कर्ज १,८०,०००. व्याज ६ टक्के धरलं, मुदत दहा वर्षं, तर हप्ता साधारण २,००० रुपये. सोलर बसल्यावरही बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतो आणि त्यावरचा करही. म्हणजे तुमची बचत होणार फार तर बाराशेच्या घरात. बाराशेतून दोन हजार कसे सुटतात, ते त्या गृहस्थांना पाटीवर सोडवून दाखवायला सांगा.

ते म्हणतील, अनुदान आल्यावर हप्ता कमी होईल. होईल का, हे बँकेत आधी विचारायचं. ७८ हजार कर्जखात्यात जमा झाले की १,०२,००० उरतात. बऱ्याच शाखांत हप्ता तोच चालू राहतो आणि मुदत घटते. कर्ज मग पाचेक वर्षांतच फिटतं आणि व्याजही साधारण निम्मंच जातं, पण पेन्शनमधून दरमहा दोन हजार जातच राहतात. हप्ता नव्याने बांधून मागितला तर तो ११३० च्या आसपास येतो, पण मग दहा वर्षं भरा. दोन्हींत चूक काही नाही. तुम्हाला काय झेपतं ते आधी ठरवा आणि अर्जातच लिहून द्या. अनुदान बचत खात्यात जमा होणार असेल तर जास्तच जपा. कोकणात बचत खात्यातला पैसा गणपतीपर्यंत टिकत नाही.

खरी मेख किलोवॅटमध्ये आहे. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट देतो. १४० युनिटच्या घराला तीन किलोवॅट कशाला? योजनेचंच कोष्टक महिना १५० युनिटपर्यंत एक ते दोन किलोवॅट सुचवतं. तिसऱ्या किलोवॅटसाठी समजा साठ हजार जास्त मोजले आणि अनुदान मिळालं अठरा, तर बेचाळीस हजार तुमच्या खिशातून गेले, आणि त्यातून होणारी वीज जवळजवळ सगळी महावितरणला जाणार. ग्रिडवर, म्हणजे महावितरणच्या तारांवर, गेलेले युनिट तुमच्या वापरातून वजा होतात हे खरं, पण ३१ मार्चला खातं बंद होतं. शिल्लक युनिटांचे पैसे तुम्ही बिलात जे भरता त्याच्या मानाने कमी दराने मिळतात आणि एप्रिलला पाटी कोरी. आपल्याकडे ऊन चांगलं ऑक्टोबर ते मे, आणि पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर किंवा त्याखालीही जातं. जानेवारी-फेब्रुवारीत साठवलेलं जुलैत वापरू म्हणाल, तर मध्ये ३१ मार्च आडवा येतो.

दोन किलोवॅटचं दरपत्रक मागवा. समजा ते १ लाख ४० हजारांचं आलं. मार्जिन १४ हजार, कर्ज १,२६,०००, अनुदान ६० हजार, उरले ६६ हजार. दहा वर्षांचा हप्ता साडेसातशेच्या आत. हा मात्र लाईटबिलातून सुटतो. सोलर घेऊच नका असं मी म्हणत नाही. सोलरवाल्याला मोठं विकायचंय, तुम्हाला पुरेसं हवंय, एवढाच फरक.

आणि ते वीस हजार. तो ते भरत नाही, गुरुजी. एक लाख ऐंशीचं काम दोन लाखांचं दाखवतो आणि ‘मार्जिन रोख मिळालं’ अशी पावती बँकेत लावतो. म्हणजे वीस हजार तुमच्याच कर्जातून निघतात, व्याजासकट. वर खोट्या पावतीचा फायदा घेणारे म्हणून तुमचं नाव येतं. शाळेत मुलांचे कान याहून लहान कारणांनी उपटले असतील तुम्ही. मार्जिन स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन भरा आणि पक्कं बिल घ्या.

आमचं हर्णैजवळ घर आहे. आम्ही डोंबिवलीला असतो. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडला तर घर बंदच. अनुदान संपण्याआधी सोलर बसवून घ्यावं का? (डोंबिवली)

नको. बंद घराला वीज लागत नाही, आणि जास्तीच्या विजेला फारसा भाव नाही. हप्ता मात्र बाराही महिने. ‘संपण्याआधी घ्या’ हे वाक्य ऐकलं की दोन दिवस काहीच करू नका, असा माझा सर्वांनाच सल्ला आहे.

बाय, आमच्या घराक कौलां आसत. सोलर बसात काय? पोरगो म्हणता, आधी स्लॅब घाल, मगे बसव. स्लॅबाक पण कर्ज गावता म्हणतत. (वेंगुर्ला)

काकी, तुमच्या पोराला सांगा, लाईटबिलासाठी लाखांचा स्लॅब घालतात का कोणी? स्लॅबसाठी मिळेल ते वेगळं कर्ज. त्याला या योजनेचा दर नाही आणि अनुदानही नाही.

कौलांवर पॅनल बसतात. कौलं काढून लोखंडी आकडे थेट वाशांना किंवा भालाला, म्हणजे आडव्या तुळईला, बांधतात आणि कौलं परत लावतात. प्रश्न वाशांचा आहे. प्रत्येक पॅनल वीस-पंचवीस किलोचं, तीन किलोवॅटला सहा-सात पॅनल, वर पट्ट्यांचं वजन, आणि त्याहून जास्त जोर वाऱ्याचा, जो खाली दाबण्यापेक्षा वर उचलायला बघतो. वाळवीने पोखरलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो. सुताराला माळ्यावर चढवून एकेक वासा टोचून बघायला सांगा. त्याची दिवसाची मजुरी हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.

दुसरं म्हणजे शाकारणी. दर वर्षी मे महिन्यात कौलं फिरवावी लागतात आणि माकडं मध्येच चार फोडून जातात. पॅनलखालचं कौल फुटलं तर ते बदलायला पॅनल काढावं लागतं, आणि ते गावचा शाकारणीवाला काढत नाही. सोलरवाल्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी योजनेतच घातलेली आहे. त्या कागदावर ‘कौलं बदलण्यासाठी पॅनल काढून बसवणे’ हे शब्द घालून घ्या. तो कुरकुरेल. तरी घालून घ्या. घराला जोडून पत्र्याची पडवी असेल आणि तिच्यावर दुपारी माडाची सावली पडत नसेल, तर मी आधी तिकडे बघेन. सावलीचं मात्र नीट बघा. माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनलवर पडली तरी साध्या जोडणीत त्या ओळीतल्या सगळ्या पॅनलची वीज घटते.

आणि खारा वारा! मिऱ्या बंदराजवळच्या एका गच्चीवर मी नुकतीच गेले होते. पॅनल चकचकीत, काचेवर ओरखडा नाही. पण प्रत्येक नटखालून तांबूस ओघळ उतरलेला, पांढऱ्या चुन्याच्या कठड्यापर्यंत. हात लावला तर बोल्टच्या डोक्याची पापडी सुटून बोटाला आली. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि नटबोल्ट साध्या लोखंडाचे. समुद्रकाठी दोन धातू असे एकत्र बांधले की त्यांचं एकमेकांना खाणं सुरूच होतं. हप्त्याला अजून बरीच वर्षं होती. दरपत्रकात ‘मांडणी गरम जस्ताच्या मुलाम्याची, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३०४ दर्जाचे’ एवढं लिहून मागा. पॅनलला खाऱ्या हवेची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र असतं, त्याची प्रतही मागा. मोठे उत्पादक ती देतात.

जाता जाता एक गोष्ट. अनुदान फक्त भारतात बनलेल्या सेलच्या भारतीय पॅनलना आहे, डीसीआर म्हणतात ते. कोणी ‘तसेच, पण स्वस्त’ पॅनल दाखवले तर अनुदान गेलं समजा.

राजापूर तालुक्यात आमचं जुनं चौसोपी घर आहे. मीटर माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर. घरपट्टी पाच जणांच्या नावे. राहतो आम्ही दोघंच, बाकीचे दीर मुंबई-पुण्याला. पोर्टलवर अर्ज भरायला गेलो तर नाव जुळत नाही. सोलरवाला म्हणतो, ‘सासऱ्यांच्याच नावाने भरू, बघून घेऊ.’

वहिनी, ‘बघून घेऊ’ म्हणणारा नंतर दिसत नाही. मयत माणसाच्या नावाने अर्ज, कर्ज तुमच्या यजमानांच्या नावाने आणि अनुदान तिसऱ्याच खात्यात, अशी गुंतागुंत झाली की अनुदान अडकतं आणि पूर्ण रकमेवर व्याज चालू राहतं. आधी मीटर नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत घेऊन महावितरणच्या उपविभागात अर्ज करा. वेळ जाईल, पण काम होतं.

त्या ना-हरकतीसाठी दिरांना फोन करायचा आहेच, तेव्हा पुढचंही बोलून घ्या. छप्पर पाच जणांचं, कर्ज एकाचं, वीज जो राहतो त्याची. आज कोणाला काही वाटणार नाही. पण गणपतीला सगळे जमले की आरतीनंतर पडवीत विषय निघणारच: ‘हे वर कोणाला विचारून बसवलंत?’ पुढे वाटप झालं आणि ती बाजू दुसऱ्या भावाकडे गेली तर पॅनल कोणाचे, काढायचे तर खर्च कोणाचा? स्टॅम्पपेपरवर चार ओळी आणि पाच सह्या असल्या की पुरे. कर्ज विनातारण असल्याने बँक घराला हात लावत नाही, हे दिरांना समजावून सांगा. त्यांची अर्धी भीती तीच असते. पण हप्ते थकले तर यजमानांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं, आणि मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की ते समोर येतं. हे आधी घरातल्या घरात बोला.

फेब्रुवारीत पॅनल बसले. बँकेने सगळे पैसे सोलरवाल्याच्या खात्यात दिले. मार्चपासून हप्ता कापला जातोय. आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगळी मोजणारं नेट मीटर अजून आलेलं नाही, अनुदान नाही. सोलरवाला आता फोन उचलत नाही. त्याच्या माणसाने ‘ट्रायल’ म्हणून सिस्टीम चालू करून दिली, तर या महिन्यात बिल उलट वाढून आलं! (देवगड)

सर्वांत आधी वर जा आणि सिस्टीम बंद करा, हे वाचून झाल्यावर लगेच. जुन्या मीटरला वीज आत आली की बाहेर गेली हे कळतंच असं नाही. बरेच मीटर बाहेर गेलेलं युनिटही तुमच्या वापरातच मोजतात. म्हणजे तुम्ही महावितरणला फुकट वीज दिलीत आणि वर तिचे पैसेही भरलेत. मीटर बदलून तपासणी होईपर्यंत ती बंदच राहू द्या.

आता हप्ता. तो थांबवू नका. राग सोलरवाल्यावर आहे, पण थकबाकी तुमच्या नावावर लागेल. बँकेने पैसे दिले ते तुमच्या संमतीवर, ‘काम पूर्ण’ च्या कागदावर तुमची सही असेल. खरं तर या सगळ्या व्यवहारात तुमच्या हातात जोर असतो तो एकाच वेळी, शेवटचा पैसा सोलरवाल्याला पोचण्याआधी. मीटर लागल्याशिवाय, निदान मीटरचा अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक हातात आल्याशिवाय, ती सही द्यायची नसते. हे तुम्हाला आता सांगून उपयोग नाही, पण तुमच्या शेजाऱ्यांना आहे.

पोर्टलवर आपल्या ग्राहक क्रमांकाने लॉगिन करून अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकलाय ते बघा. लॉगिन सोलरवाल्याच्या मोबाइलवर असेल, तसं बऱ्याचदा असतं, तर आधी नंबर बदलून घ्या. बसवल्याचा तपशीलच भरलेला नसेल तर दोष त्याचा. तो भरलेला असून तपासणी राहिली असेल तर महावितरणचा. त्याप्रमाणे उपविभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सूर्यघरचा मदत क्रमांक १५५५५, तिथेही नोंदवा. महावितरणकडून उत्तर नाही आलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. बँकेला वेगळं पत्र द्या: काम अपूर्ण असताना रक्कम कशाच्या आधारावर दिली, त्या कागदांच्या प्रती द्या. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही. सोलरवाल्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा आणि मग ओरोसच्या ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

उशिराची किंमतही त्या पत्रांत लिहा. अडकलेल्या ७८ हजारांवर ६ टक्क्यांनी महिन्याला ३९० रुपये व्याज जातं, शिवाय जी वीज झाली नाही तिचं बिल. आकडा लिहिलेल्या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. ‘मनस्ताप झाला’ लिहिलंत तर फाइल सरकत नाही.

चिपळूणला बाजारपेठेजवळ राहतो. २०२१ च्या पुरात खालचा मजला बुडाला होता, आठवडाभर लाईट नव्हती. आता सोलर घेतोय ते त्यासाठीच, निदान वादळ-पुरात तरी घरात उजेड राहील. बरोबर ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की सोलरवालेही तो खोडत नाहीत. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हातही. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे लोक किती दिवस अंधारात होते ते आठवा. असं सोलर छपरावर असतं तरी त्यांचा मोबाइलसुद्धा चार्ज झाला नसता. तुम्हाला उजेड हवा असेल तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल. खर्च बराच वाढतो आणि बॅटरीसाठी वेगळं अनुदान मिळत नाही. चार दिवे, दोन पंखे आणि मोबाइल एवढीच गरज असेल तर घरातला नेहमीचा बॅटरीवाला इन्व्हर्टर स्वस्त पडतो.

पण तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट महत्त्वाची. सोलरचा इन्व्हर्टर आणि त्याच्या पेट्या मीटरशेजारी तळमजल्यावर बसवायची पद्धत आहे, वायर वाचते. २२ जुलै २०२१ ची पाण्याची रेघ तुमच्या भिंतीवर अजून असेल. सगळं तिच्या वर, शक्यतो जिन्याच्या वरच्या टप्प्यावर घ्या. आणि घराचा विमा असेल तर पॅनल आणि इन्व्हर्टर त्यात नावाने नोंदवून घ्या. बँक कर्जासोबत जो विमा पुढे करते तो बऱ्याचदा तुमच्या आयुष्याचा असतो, पॅनलचा नसतो. तो घेणं सक्तीचं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर सगळे आकार आणि खरा वार्षिक दर एका तक्त्यात देणं बँकांना बंधनकारक आहे. विम्याचा हप्ता त्यात मिसळलाय का ते तिथे दिसतं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणतो, तिकडे सरकारनेच घरांच्या वीजबचतीसाठी कर्जाची योजना काढली होती आणि ती योजना साफ झोपली. मग आपली कशी चालेल? (देवरुख)

भाचा सांगतो ते ग्रीन डील. जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाली. भिंतींना आणि माळ्याला उष्णतारोधक अस्तर, नवा बॉयलर, सोलर असं काय काय बसवायचं आणि पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडायचे. कर्ज माणसावर नव्हे तर त्या घराच्या मीटरवर. घर विकलं की उरलेला हप्ता नव्या मालकाच्या बिलात. नियम असा होता की हप्ता अंदाजित बचतीपेक्षा जास्त असता कामा नये. ऐकायला छान आहे. पण तो अंदाज सर्वसाधारण घराचा होता. म्हातारा एकटाच राहतो आणि एकाच खोलीत हीटर लावतो, त्याची बचत कमी, हप्ता मात्र तोच. व्याजही तिथल्या बाजाराच्या मानाने स्वस्त नव्हतं. जेमतेम १४ हजार घरांनी ते कर्ज घेतलं, जुलै २०१५ मध्ये सरकारने पैसे पुरवणं थांबवलं, आणि २०१६ मध्ये त्यांच्या लेखापरीक्षकांनी २४ कोटी पौंड खर्चून पैशाचं मोल मिळालं नाही असा शेरा मारला.

आपली योजना तशी नाही. कर्ज मीटरवर चढत नाही, व्याज कमी आहे, अनुदान थेट मिळतं. म्हणजे घर विकताना ती अडचण नाही, पण उलट बाजू अशी की घर विकलंत तरी कर्ज तुमच्याच मागे. पॅनल गेले दुसऱ्याला, हप्ता राहिला तुम्हाला, म्हणून विकताना आधी खातं बंद करा. सरासरी घराच्या आकड्यावर आपला हिशेब मांडणं हा धोका मात्र इथेही तसाच आहे. पोर्टलवरचं गणित बारा महिने लख्ख ऊन असलेल्या गच्चीलाही लागू आणि आंबा-फणसाच्या सावलीतल्या घरालाही. वर्षभराची बिलं काढा, पावसाळ्याची वेगळी ठेवा, आणि मगच किलोवॅट ठरवा.

मोबाइलवर मेसेज आला: ‘तुमचे सूर्यघर अनुदान मंजूर, खाली दिलेले अ‍ॅप उतरवा.’ उतरवू का? (म्हसळा)

नाही. अनुदान अ‍ॅपमधून येत नाही, खात्यात येतं. मेसेज पुसून टाका, आणि उतरवलंच असेल तर आधी बँकेत फोन करून खातं गोठवून घ्या, नंतर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

माझ्याकडे एफडीत पैसे आहेत. कर्ज नको, एफडी मोडून सोलर घेते, म्हणजे कटकट नाही. मुलगा म्हणतो कर्ज घे. कोणाचं ऐकू? (अलिबाग)

या वेळी मुलाचं. ठेवीचा दर आणि या कर्जाचा दर जवळपास सारखे असतील तर एफडी मोडून दंड का भरायचा? हातात पैसा असला की आजारपणाला उपयोगी पडतो. हे कर्ज बदलत्या दराचं आणि वैयक्तिक असल्याने मुदतीआधी फेडायला बँक दंड लावू शकत नाही. मनाला टोचायला लागलं की त्या दिवशी जाऊन फेडा. अनुदान जमा झालं की पासबुक भरून घ्या, ते कर्जखात्यात वळवण्याचा अर्ज द्या, आणि त्याच फेरीत हप्ता कमी करायचा की मुदत, तेही लिहून देऊन पोच घ्या.